दुसऱ्याच्या पाटावर

संगणकाच्या पडद्यावर वरच्या कडेस शब्दांची जी एक आडवी पट्टी असते, तिजकडे लक्ष देऊन पाहणारे लोक थोडे. त्या पट्टीतील एखादा शब्द दाबला की खाली आज्ञांची एक यादी उघडते, हवी ती ओळ आपण निवडतो व काम होते. ह्या यादीस मेनू म्हणतात. हॉटेलातील पदार्थांच्या यादीसही हेच नाव आहे. अशा एका मेनूत एक ओळ वाढविण्याचे काम गेल्या वर्षी आम्ही हौसेने अंगावर घेतले. ते काम आम्हांस जमले. आणि जमूनही त्यापायी आम्ही एका निरपराध मुलावर व त्याच्या बापावर अन्याय केला. ही हकीकत वार्षिकात लिहावी की नाही, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. शिक्षकाने आपली चूक विद्यार्थ्यांपुढे मांडली तर त्याचे वजन कमी होते, असे आमचे काही स्नेही म्हणतात. आमचा अनुभव ह्याच्या उलट आहे, म्हणून लिहितो.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा एक प्रोग्राम आहे. तो आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने लिहून शाळेस भेट दिला. तो जावा भाषेत लिहिलेला असून ‘नेटबीन्स प्लॅटफॉर्म’ नावाच्या तयार पायावर उभा आहे. जावा ही भाषा अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीने 1995 साली जगापुढे आणली. जेम्स गॉस्लिंग हे तिचे प्रमुख कर्ते. नेटबीन्सचा जन्म मात्र विद्यार्थ्यांच्या हातून झाला, हे आमच्या बालवाचकांनी ध्यानात ठेवावे. प्राग शहरातील चार्ल्स विद्यापीठात 1996 साली काही विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून ‘झेल्फी’ नावाचे एक साधन रचण्यास आरंभ केला. तेच पुढे नेटबीन्स झाले. 1999 साली ते सन कंपनीने विकत घेतले व 2000 साली त्याची मूळ आज्ञावली सर्वांस खुली केली. 2010 मध्ये सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली; ओरॅकलने 2016 साली नेटबीन्स अपाची संस्थेस देऊन टाकले, आणि 2019 पासून तो त्या संस्थेचा एक प्रमुख प्रकल्प झाला. वर्गातील अभ्यासातून निघालेल्या ह्याच पायावर आज युरोपीय अवकाश संस्थेचा ‘स्नॅप’ नावाचा प्रोग्राम उभा असून, उपग्रहांनी घेतलेल्या पृथ्वीच्या चित्रांचा अभ्यास त्याच्या साहाय्याने करितात.

ह्या पायाचे वैशिष्ट्य असे की, त्यावर रचलेला प्रोग्राम एकसंध ओतीव नसतो, तर अनेक घटकांचा मिळून झालेला असतो. ह्या घटकास मॉड्यूल म्हणतात. प्रत्येक मॉड्यूलने आपणांस दुसऱ्या कोणकोणत्या मॉड्यूलांची गरज आहे ते आरंभीच लिहून द्यावयाचे. जे लिहून दिले नाही त्याचा आधार मिळत नाही. तसेच आपल्या पोटातील कोणता भाग इतरांस खुला व कोणता खासगी, हेही प्रत्येकाने जाहीर करावयाचे. वाड्यात बिऱ्हाडे अनेक, परंतु प्रत्येकाचे स्वयंपाकघर वेगळे व अंगण तेवढे सामाईक, असा हा प्रकार आहे. मेनूची पट्टी ही त्या सामाईक अंगणापैकीच होय. ती कोणा एका मॉड्यूलच्या मालकीची नसते. ज्यास जी ओळ द्यावयाची असेल ती तो देतो, आणि सर्वांच्या ओळी मिळून मेनू तयार होतो.

ग्रंथालयाची देखरेख आमच्याकडे आल्यावर आम्हांस असे वाटू लागले की, ह्या प्रोग्रामात ‘हरवले म्हणून नोंदवा’ अशी एक ओळ असावी. पुस्तक हरविले तर ते वहीत लिहावे लागे व वही नेमकी वेळेवर सापडत नसे. जावा भाषा आम्ही पदवीनंतर स्वतःच्या बळावर थोडीबहुत शिकलो होतो. तेव्हा मूळ प्रोग्राम उघडून, त्याच्या मुख्य मॉड्यूलमध्येच मेनू जेथे तयार होतो ती जागा शोधून, आम्ही आपली ओळ तेथे घुसडून दिली. ती दिसू लागली व आम्हांस धन्यता वाटली. दोन महिन्यांनी आमच्या माजी विद्यार्थ्याने प्रोग्रामची सुधारलेली आवृत्ती पाठविली. ती बसविताच जुने मुख्य मॉड्यूल गेले, नवे आले, आणि आमची ओळ जुन्याबरोबर नाहीशी झाली. आम्ही त्यास तक्रारीच्या सुरात पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले ते असे: “सर, माझ्या खोलीची भिंत फोडू नका. शेजारी आपली खोली बांधा. दार मी ठेवलेले आहे.”

हे दार कसे असते ते थोडक्यात सांगतो. नेटबीन्सच्या पोटात फाइलींचे एक काल्पनिक कपाट असते. त्यात ‘मेनू’ नावाचा एक मोठा कप्पा, त्या कप्प्यात प्रत्येक मेनूचा लहान कप्पा, आणि लहान कप्प्यात प्रत्येक ओळीची एक चिठ्ठी. प्रत्येक मॉड्यूल आपल्याबरोबर अशा चिठ्ठ्यांचा एक पातळ थर घेऊन येते. प्रोग्राम सुरू होताना हे सर्व थर एकावर एक ठेविले जातात व त्यांचे मिळून एकच कपाट दिसू लागते. मुख्य मॉड्यूलला नव्या मॉड्यूलचे नावदेखील ठाऊक असण्याचे कारण नाही; ते फक्त कपाट उघडते व ज्या चिठ्ठ्या सापडतील त्यांप्रमाणे मेनू मांडते.

पूर्वी ह्या चिठ्ठ्या एका वेगळ्या फाइलीत हाताने लिहाव्या लागत. आता आज्ञावलीच्या डोक्यावरच तीन टिपणे लिहिली की भाषांतर होताना चिठ्ठ्या आपोआप तयार होतात. पहिले टिपण ओळखीचे: ही कृती कोणत्या वर्गातील व तिचे निराळे नाव काय. दुसरे नोंदणीचे: पडद्यावर तिचे कोणते नाव दिसावे. हे नाव वेगळ्या शब्दफाइलीत ठेविता येते, म्हणून तीच कृती मराठीत एका नावाने व इंग्रजीत दुसऱ्या नावाने दिसू शकते. तिसरे टिपण जागेचे: कोणत्या मेनूत, व कितव्या क्रमांकावर. आणखी एक सोय अशी की, मेनूत ओळ दिसत असली तरी तिच्यामागील आज्ञावली ती ओळ दाबीपर्यंत जागी होत नाही. त्यामुळे मॉड्यूलांची संख्या वाढली तरी प्रोग्राम सुरू होण्यास विनाकारण विलंब लागत नाही.

आता ज्या क्रमांकाने आमचा घात केला, त्याजविषयी. ओळींचे क्रमांक 1, 2, 3 असे सलग न देता 100, 200, 300 असे अंतर राखून देण्याचा प्रघात आहे. हेतू हा की पुढे कोणास मध्ये बसावयाचे झाल्यास 150 किंवा 250 हा क्रमांक मोकळा असावा. लहान क्रमांकाची ओळ वर, मोठ्या क्रमांकाची खाली. आमच्या ग्रंथालयाच्या मेनूत ‘पुस्तक द्या’ ही ओळ 100 वर, ‘पुस्तक परत घ्या’ ही 200 वर आणि ‘मुदत वाढवा’ ही 300 वर होती. आम्ही आपले मॉड्यूल लिहिताना ‘परत घ्या’ची तिन्ही टिपणे नमुना म्हणून उतरून घेतली. नावे बदलली, ओळख बदलली. क्रमांक मात्र 200 हाच राहू दिला. एकाच मेनूत दोन ओळींस एकच क्रमांक देणे ही चूक समजली जाते व त्या दोघींच्या आपसांतील क्रमावर कोणी विसंबू नये, हे आम्हांस ठाऊक नव्हते असेही नाही. प्रोग्राम सुरू करून पाहिला तो आमची ओळ दुसरी व ‘परत घ्या’ तिसरी बसलेली. एक ओळ वर झाली काय अन् खाली झाली काय, असे म्हणून आम्ही ते मॉड्यूल ग्रंथालयातील संगणकावर चढविले.

तेथे जे काका बसतात त्यांची ह्या शाळेत हयात गेली. त्यांस संगणक शिकविला तो आम्हीच. मेनू उघडावयाचा व दुसरी ओळ दाबावयाची, म्हणजे पुस्तक परत. हे त्यांच्या बोटांत इतके मुरले होते की ते ओळ वाचीत नसत, जागा ओळखीत. पायरी चढताना पायरी कोण पाहतो? त्या दिवशी पहिली तीन पुस्तके परत आली व तिन्ही ‘हरवले’ म्हणून नोंदली गेली. चौथ्या वेळी काकांनी चष्मा सावरून पाहिले व मधल्या सुटीत ते आमच्याकडे आले. “सर, मध्येच नवीन ओळ आली आहे,” इतकेच ते म्हणाले. आम्ही उत्तरपत्रिका तपासीत होतो. मान वर न करिता आम्ही म्हणालो, “होईल सवय, काका.” ते परत गेले व तेव्हापासून तिसरी ओळ दाबू लागले. मागील तीन नोंदी जशाच्या तशा राहिल्या.

त्या तिघांपैकी दोघे शिक्षक होते. शिक्षकांस हरविलेल्या पुस्तकाबद्दल पत्र जात नाही. तिसरा इयत्ता आठवीतील एक मुलगा होता. प्राणिजीवनावरील एक मोठे सचित्र पुस्तक त्याने नेले होते, किंमत 650 रुपये. महिनाअखेर त्याच्या वडिलांस भरपाईचे पत्र गेले. मुलाने आम्हांस सांगितले की, त्याने पुस्तक स्वतःच्या हाताने परत केले आहे. काकांस शेकडो पुस्तकांतून ते एक आठवेना. आम्ही त्या मुलास वर्गात उभे केले आणि सर्वांदेखत म्हणालो, “माणूस खोटे बोलतो, संगणक खोटे बोलत नाही.” मुलगा काही बोलला नाही. खाली बसला.

पुढील शनिवारी त्याचे वडील आले. ते दुसऱ्याच्या शेतावर रोजाने काम करितात. एक दिवसाचा रोज बुडवून, एस. टी. ने आले होते. त्यांनी रुमालाची गाठ सोडून पैसे मोजले व टेबलावर ठेविले. मग म्हणाले, “सर, पैशाचं काही न्हाई. पोरगं चोरी करतंय का, तेवढं सांगा.” आम्ही पावती लिहिण्यास घेतली. तेवढ्यात ते मुलाकडे वळून म्हणाले, “कुठल्या कपाटातनं घेतलंस ते दाव मला.” मुलगा त्यांस कपाटापाशी घेऊन गेला. तेथे, खालून दुसऱ्या फळीवर, आपल्या नेहमीच्या जागी ते पुस्तक उभे होते. काकांनी ते ज्या दिवशी परत घेतले त्याच दिवशी जागेवर लावून ठेविले होते.

त्या क्षणी आमच्या हातातील पावतीपुस्तक आम्हांस फार जड झाले. कपाट उघडून पाहावे हे आमच्या मनात एकदाही आले नव्हते. पडद्यावर जे लिहिले ते खरे, आणि मूल बोलते ते खोटे, असा निवाडा आम्ही जागच्या जागी बसून दिला होता. आणि पडद्यावर जे लिहिले होते ते आमच्याच हातचे होते. सायंकाळी आम्ही संगणकाची धावनोंद उघडली. प्रोग्राम चालू असताना जे घडते ते त्या नोंदीत लिहिले जाते. दोन ओळींस 200 हा एकच क्रमांक आढळला असा इशारा तेथे लिहिलेला होता. तोही एकदा नव्हे, अनेक दिवसांचा. प्रोग्राम आपल्या परीने आम्हांस सांगत होता, काकांनी तोंडाने सांगितले होते, मुलाने रडवेल्या डोळ्यांनी सांगितले होते. तिघांचेही आम्ही ऐकले नाही.

वडिलांचे पैसे आम्ही तेथल्या तेथे परत केले. एस. टी. चे भाडे त्यांनी कसेबसे घेतले. बुडालेला रोज देऊ केला तो घेतला नाही. सोमवारी त्याच वर्गात, ज्या ठिकाणी उभे राहून आम्ही ते वाक्य उच्चारिले होते त्याच ठिकाणी उभे राहून, आम्ही मुलाचे नाव घेऊन त्याची क्षमा मागितली व चूक कशी घडली ते फळ्यावर आकृती काढून सर्वांस समजावून दिले. क्षमा मागणे हे प्रार्थनेत सोपे असते. चाळीस मुलांपुढे ते किती कठीण आहे ते आम्हांस त्या दिवशी कळले. मुलगा म्हणाला, “असू द्या, सर.” आणि मग त्याने एक प्रश्न विचारला: “पण सर, ती ओळ सगळ्यांत खाली का नाही ठेवली?”

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही मॉड्यूल पुन्हा लिहिले, व ह्या वेळी त्या मुलास शेजारी बसविले. ‘हरवले म्हणून नोंदवा’ ह्या ओळीस 900 हा क्रमांक दिला व तिच्या वर 850 ह्या क्रमांकावर विभागणारी एक रेघ आणिली; जिच्यामुळे हानी होऊ शकते अशी आज्ञा नेहमीच्या आज्ञांपासून दूर असावी. दुसरे असे की, नेटबीन्समध्ये कृतीस अशी अट घालता येते की, निवडलेली वस्तू अमुक प्रकारची असेल तरच ओळ जागी व्हावी, एरवी फिकट व निजलेली राहावी. आम्ही ‘थकलेले पुस्तक’ असा एक प्रकार केला. मुदत संपून 30 दिवस लोटलेली पुस्तकेच त्यात येतात. त्यामुळे मुदतीत असलेल्या पुस्तकावर ती ओळ आता दाबताच येत नाही. तिसरे, ओळ दाबल्यावर प्रोग्राम पुस्तकाचे व विद्यार्थ्याचे नाव दाखवून विचारतो: “कपाट पाहिले काय?” हे शब्द त्या मुलाने सुचविले. शेवटी काकांस बोलावून, त्यांच्या बोटांनी मेनू दहा वेळा उघडवून, ‘परत घ्या’ पूर्वीच्याच जागी आहे ह्याची खात्री करून घेतली. हे काम खरे पाहता सर्वांत आधी करावयास हवे होते.

ह्या पायाची आणखी एक शक्ती आमच्या ध्यानात आली. आपल्या थरातील चिठ्ठीने दुसऱ्या मॉड्यूलची ओळ झाकून टाकता येते. त्याची आज्ञावली न उघडता त्याचे दिसणेच बंद करिता येते. प्रसंगी ही सोय उपयोगाची आहे. परंतु असे सामर्थ्य हाती असणे निराळे व ते वापरण्याचा अधिकार असणे निराळे.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने मेजवानीतील आसनांविषयी एक दृष्टांत सांगितला आहे. मानाच्या जागी आपण होऊन बसलेल्या पाहुण्यास शेवटी खाली मान घालून उठावे लागते, असा त्याचा भाव आहे. तो अध्याय आम्ही लहानपणापासून वाचीत आलो व मुलांस शिकवीतही आलो. आपल्याकडेही पंगतीत दुसऱ्याच्या पाटावर जाऊन बसणाऱ्यास लोक काय म्हणतात ते सांगावयास नको. पण तो दृष्टांत मेनूतील एका ओळीस लागू पडेल, आणि उठावे लागणारा पाहुणा आपणच असू, हे कधी वाटले नव्हते. नवे येणाऱ्याने अवश्य यावे. त्याच्यासाठी दार ठेविलेले असते व मोकळे क्रमांकही राखलेले असतात. मात्र येण्यापूर्वी कोण कोठे बसले आहे, व कोणाचे बोट कोणत्या जागेवर विसंबून आहे, हे त्याने पाहिले पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण पुढे असे प्रोग्राम लिहाल. तुम्ही लिहिलेली एक ओळ तुम्हांस न दिसणाऱ्या कोणाच्या तरी घरी पत्र होऊन जाईल. आणि पालकहो, पडद्यावर दिसते म्हणून आमच्यासारखा कोणी तुमच्या मुलास खोटे ठरवू लागला, तर त्या शेतकरी गृहस्थांनी केले तेच करावे: मुलाचा हात धरावा व कपाटापाशी जाऊन पाहावे.

ते पुस्तक आजही खालून दुसऱ्या फळीवर आहे. तो मुलगा आता नववीत गेला असून, शनिवारी दुपारी तो काकांस मदत करावयास येतो. नवे मॉड्यूल चढविण्यापूर्वी धावनोंद वाचण्याचे काम आम्ही त्याजकडे दिले आहे.